विटेवरचा अर्धा ठिपका

६ ऑक्टोबर, सोमवार
चार दिवसांत लेझर कटिंग मशीनवर सात नेमप्लेट वाया. डावी कड कापलीच जात नाही. सुरतचा इंजिनिअर आला, चहा प्यायला, लेझरच्या नळीवर टॉर्च मारली. म्हणे नळी ठणठणीत, ऑपरेटरला फोकस लावता येत नाही. ऑपरेटर म्हणजे मी. तीन वर्षं मशीन मी चालवते आणि हा बाबा अर्ध्या तासात मला शिकवून गेला! शेठ सगळ्यांसमोर: "मशीन बरोबर शे. तुन्हा हात बरोबर नही." पुढच्या सोमवारी इंजिनिअर परत येणार. तोवर काम सुधारलं नाही तर मी घरी. शेठची बायको, काकू, एकटीच बोलली, "तिन्ही चूक नही. माले माहीत शे."

७ ऑक्टो.
दाजी शहाद्याकडे साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन. पॅनलचे गरम जोड बघायचा तिथला थर्मल कॅमेरा त्यांच्याकडून आणला, रविवारी परत द्यायचा. बीम, म्हणजे लेझरचा किरण, मोजायचं सॉफ्टवेअर पंधरा दिवस फुकट. नळीच खराब आहे, दाखवतेच. बीम भट्टीच्या विटेवर मारायचा, कॅमेरा विटेवरच्या गरम ठिपक्याकडे. सरळ कॅमेऱ्यात गेला तर कॅमेरा जळेल आणि दाजींचीही नोकरी जायची.
सॉफ्टवेअर म्हणतं कॅमेरा नाही. केबल आहे, कॅमेरा आहे, मी आहे. मग नाही काय?

८ ऑक्टो.
यादीत हा कॅमेराच नव्हता. 'इतर' निवडलं, ड्रायव्हर दोनदा टाकला, तेव्हा दिसला. चित्र लाल-पिवळं, जत्रेतल्यासारखं. सॉफ्टवेअरला रंग नकोत, आकडे हवेत. करडं केलं. तर ठिपका दर वेळी तितकाच झळझळीत, लेझरची पॉवर दहा टक्के ठेवा की चाळीस. कॅमेरा आपणहून जुळवून घेतो, शहाणा. ते कुठे बंद करायचं म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांना मेल केला. उत्तर: आपला प्रश्न आम्हाला महत्त्वाचा आहे. डोंबल!

९ ऑक्टो.
सापडलं. तापमानाची मर्यादा बांधून टाकली. आता दर मिनिटाला कॅमेरा टक् करतो आणि चित्र अडकतं. स्वतःला तपासतो म्हणे. तेही बंद केलं. शेठ मागे उभे: "काय खेळ करी ऱ्हायनी?"
"मन्ही नोकरी वाचाडस."
संध्याकाळी पहिलं खरं चित्र. ठिपका गोल नाही, डावीकडून कुणी घास घेतल्यासारखा. रडू आलं. लगेच इंजिनिअरला फोन, तोंडाला येईल ते बोलले. नळी खराब आहे, तुम्ही आंधळे आहात वगैरे. शेठ ऐकत होते.

१० ऑक्टो.
तोंडघशी पडले. आज वीट नळीच्या तोंडाशी ठेवून बघितलं. ठिपका गोल. नळी चांगली आहे.
म्हणजे दोष बीम वळवणाऱ्या मधल्या आरशात, मागच्या झाकणाखालच्या. त्याला हात लावायचा नाही हा इंजिनिअरचाच नियम, आणि सोमवारी त्यानेही झाकण उघडलं नव्हतं. मी उघडलं. आरशावर बोटाचा ठसा, कुंकवाचा, जळून काळा झालेला. दसऱ्याला मशीनची पूजा काकूंनी केली, कापणं बिघडलं ते दुसऱ्या दिवसापासून. मी बाहेर तोरण बांधत होते. झाकण उघडून आतल्या भागालाही टिळा लावला असणार त्यांनी, दुसरं कोण? इतका राग आला की झाकण आपटलं.

११ ऑक्टो.
आरसा गुपचूप पुसला तर काम सुधारेल, आणि शेठ म्हणतील बघा, पोरीचाच हात होता. तसाच दाखवला तर काकूंचं नाव घ्यावं लागेल. शेठ घरात आवाज कसा चढवतात ते मी ऐकलंय. आणि मी का मरू? मी काय केलं?
दुपारी काकू डबा घेऊन आल्या. "जेवनी का व पोरी?" जेवले. जाताना म्हणाल्या, "सोमवारले मी बी येसू. तुन्हा बाजूले बठसू."
सांगायला तोंड उघडलं होतं. त्या तोवर पायऱ्या उतरल्या...

१२ ऑक्टो., रविवार
आरसा अजून पुसलेला नाही. शहाद्याच्या स्टँडवर दाजींना कॅमेरा परत दिला. "सापडना का दोष?" म्हटलं, सापडला. "मंग कोनी चूक व्हती?"
नंदुरबारची गाडी लागली, पटकन चढले. उद्या दहाला शेठ हेच विचारतील, काकू माझ्या बाजूला बसलेल्या असतील, आणि तिथे निघून जायला गाडी लागायची नाही.