न झाडलेली पानं

शुक्र. ९ ऑक्टोबर १९९८, अबुधाबी
गुडघा बोलतोय. तरी संध्याकाळी उतरलो. बिल्डिंगमागच्या बागेत नऊ बदाम आहेत. आठ हिरवेगार, कोपऱ्यातला एक लाल होऊ लागलाय. ऑक्टोबरात! मिरजेच्या शाळेतला बदाम पौष-माघात लाल व्हायचा. हा घाईतला. मास्तरांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणारा वर्गात एक असतोच. बांग होईपर्यंत बाकावर बसलो. आल्यापासून पहिल्यांदाच दिवस लांब वाटला नाही.

सोम. १२
मिलिंदला झाडाबद्दल सांगितलं. म्हणाला, "बाबा, इथे दोनच सीझन. एसी चालू, एसी बंद." हसला आणि बुटांसकट सोफ्यावर झोपला. पोरगं फार थकतं. सूनबाई म्हणाली, "जाताना पाण्याची बाटली नेत जा, बाबा." नेतो. पीत नाही.

शुक्र. १६
चौथीला पानगळीची कविता होती. सबंध पाठ होती. आता शेवटचं कडवं येतं, पहिलं काही केल्या आठवत नाही.
जुईला घेऊन गेलो. नात आठ वर्षांची, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत बोलते. "आजोबा, लाइक इन माय रीडर! ऑटम!" म्हटलं, पानगळ म्हण. "पानगल. ओके?" ओके.
एकच उणीव. गुल खान माळी रोज सकाळी सगळी पानं झाडून नेतो. खाली जमीन विंचरल्यासारखी. पानांवरून चालल्याशिवाय कसली पानगळ?

शनि. १७
सकाळी खानला गाठला. थोराड पठाण, मेंदी लावलेली दाढी.
"खानसाब, इस एक पेड़ के नीचे झाडू मत लगाओ."
"क्यों, बाबाजी?"
"चलने को अच्छा लगता है. आवाज आता है."
पोट धरून हसला. "सुपरवायझर चिल्लाएगा." मग माझ्या केसांकडे बघून छातीवर हात ठेवला. "ठीक है. आपका उमर का इज्जत."

शनि. २४
गालिचा! चपला काढून चाललो. पानं वाजतात, कुरकुरीत. जुई उड्या मारते. शाळेच्या चार्टसाठी तिने अकरा पानं निवडली, मी ती रद्दीच्या पेपरात घालून गादीखाली दाबलीत. तीन रात्री त्यांच्यावर झोपायचं. ही असती तर म्हणाली असती, साठी उलटून किती वर्षं झाली तुमची? ही जाऊन चार वर्षं झाली.

बुध. २८
चार्टला दोन स्टार मिळाले. 'ऑटम इन अबुधाबी.'
कणकण होती, दोन दिवस बागेत गेलो नव्हतो. आज पाहिलं तर पानं फक्त शेंड्याला. बाकीचे आठ अजून तसेच हिरवे. मनात काहीतरी आलं. उठून खानला विचारायचा कंटाळा केला.

रवि. १ नोव्हेंबर
खान बदामाखाली उकिडवा बसलेला. पानं बाजूला सारून काळी नळी उचलून दाखवली. इथे प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी अशी नळी असते, थेंब थेंब पाणी देते. हिचं तोंड मातीने गच्च बुजलेलं. केव्हापासून बुजत आलं होतं, कोण जाणे.
"झाडू लगाता तो सूखा मिट्टी दिखता, बाबाजी. ऊपर पत्ता था."
म्हटलं, "हम समझे पतझड़ है."
"खिज़ां हमारे स्वात में होता है. चिनार लाल होता है, आदमी का दिल भर आता है. इधर खिज़ां नहीं होता. इधर पानी बंद होता है."
रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तीन आठवडे मी तहानेने मरणाऱ्या झाडाखाली बसून कविता आठवत होतो. हातात पाण्याची भरलेली बाटली.

मंगळ. ३
बुंध्यावर पिवळ्या रंगाचा पट्टा. म्हणजे उपटायचं, नवं लावायचं. खानने ओरडा खाल्ला, माझं नाव सांगितलं नाही. सुपरवायझरला गाठून म्हटलं, गलती मेरी है. तो मल्याळी, घाईत. "अंकल, यू गो होम. टू हॉट." खानने महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतलीय. "डाल हरा हुआ तो छोड़ेगा. नहीं तो खलास."

गुरु. ५
जुईला सांगितलं. म्हणाली, "सो इट वॉज सिक? अँड आय वॉज जम्पिंग?" आणि, "यू सेड पानगल."
आत जाऊन तिने शाळेची पाण्याची बाटली आणली.

मंगळ. १०
नळी बदलली. वर आमच्या दोन बाटल्या रोज. खान हसतो, पण अडवत नाही. नखाने एक डहाळी खरवडली, आत हिरवी रेघ. "अंदर थोड़ा जिंदा है." इन्शाल्ला म्हणाला. मीही म्हटलं.
जिना उतरताना गुडघ्यात कळ. लिफ्ट बंद.

रवि. १५
व्हिसा वीसला संपतो. मिलिंद म्हणतो, "मिरजेला जाऊन महिनाभराने परत या. काय करताय तिथे एकटे? सांगा, अप्लाय करतो." आलो तेव्हा मनाशी ठरवलं होतं, हे शेवटचं येणं. दमलोय.

गुरु. १९
बॅग भरली. सकाळी खानबरोबर गेलो. खालची डहाळी खरवडली, तपकिरी. शेजारची, तपकिरी. म्हटलं, वरची बघ. त्याने नख मागे घेतलं. "आज नहीं. और पानी दो."
जुईला बाटली सोपवली. "हाऊ मेनी, आजोबा?" दोन. एक शाळेच्या आधी. मान डोलावली, वहीत लिहून घेतलं.
जेवताना मिलिंदने पुन्हा विचारलं, "मग? अप्लाय करू?"
म्हटलं, महिनाअखेरीला फोन कर. आधी जुईला बोलू दे. मग सांगतो.