घंटेचा नंबर

प्रिय धाकटे,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. तुझा नवरा म्हणाला, ती खोलीतून बाहेर येत नाही, पण दाराखालून काही सरकवलं तर वाचते. तेव्हा हे पत्र तुझ्याकडे दाराखालूनच येईल. लहानपणी तू रुसलीस की मी अशीच चित्रं सरकवायचे, आठवतं? तू निदान ती फाडून परत तरी पाठवायचीस.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली. माझा दुसरीचा वर्ग आहे तसाच आहे. निम्म्या मुलांचे पुढचे दात पडलेत, त्यामुळे पाढ्यांत नुसत्या शिट्ट्या वाजतात. खोडरबर हरवतात, पाण्याच्या बाटल्या सांडतात, सकाळी कट्टी केलेल्यांची दुपारी बट्टी होते. मला अजून सगळे 'बाईमावशी'च म्हणतात. शाळेत बाई आणि घरी मावशी, असं तुझ्या लेकीला किती बजावलं होतं मी! भिंगरीने दोन्ही एकत्र करून टाकलं आणि सगळा वर्ग बिघडवून ठेवला. आता ती हाक आली की मी फळ्याकडे वळते आणि उगाच काहीतरी पुसत बसते.

मधल्या सुट्टीची घंटा आमचा वर्ग वाजवतो, हे तुला मी सांगायला नको. रोज एकाचा नंबर, बाकांच्या ओळीने. त्या घंटेपायी तिने तुझं डोकं खाल्लं होतं. घरी थाळीवर डाव आपटत सराव चालायचा, आणि 'कान फुटतील माझे' म्हणून तू ओरडायचीस. मागच्या फेरीत सर्दीने तिचा नंबर हुकला, तेव्हा तिने वर्गात रडून-भांडून नियमच करून घेतला. जो गैरहजर, त्याचा नंबर राखून ठेवायचा, आणि तो येईपर्यंत पुढच्याने घंटेला हात लावायचा नाही. मी हसत हसत हो म्हटलं होतं.

शाळा उघडली त्याच दिवशी तिचा नंबर होता, आणि माझ्या ते ध्यानातही नव्हतं. सुट्टीची वेळ झाली तरी कुणी उठेना. सगळी शाळा डबे मांडीवर घेऊन बसून राहिली. शेवटी मुख्याध्यापक पाय आपटत आले. तिची बाकावरची जोडीदारीण, ती सतत काहीतरी पुटपुटणारी मुलगी, उभी राहिली आणि पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. म्हणाली, आज भिंगरीचा नंबर आहे आणि ती आलेली नाही. एरवी छताला हादरे देणारा तो माणूस बुटांकडे बघत परत गेला, आणि त्याने शिपाईकाकांना घंटेकडे धाडलं. मी तिथेच रडले गं, सगळ्या पोरांसमोर.

तेव्हापासून शिपाईकाका घंटा वाजवतात. मुलं नंबर पुढे सरकवायला तयार नाहीत. ती आता येणार नाही हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांना ते कळतं, आपल्यापेक्षा जरा जास्तच कळतं. पण नियम तिचा आहे, आणि तो मोडायला मलाही जीव होत नाही.

परवा चित्रकलेच्या तासाला त्यांनी रंग बाजूला ठेवून बराच खल केला. मुलाच्या ऐवजी आईची सही सगळीकडे चालते, प्रगतिपुस्तकावर चालते, सहलीला चालते, मग घंटेला आई का चालू नये, असं ठरलं. ठराव सांगायला त्या पुटपुट्या पोरीलाच पुढे ढकललं होतं. म्हणून हे पत्र. दवाखान्यातून तिच्याशिवाय परतल्यापासून तू एकच घोकत होतीस, मी तिला थाळीसुद्धा मनासारखी वाजवू दिली नाही. धाकटे, सोमवारी मधल्या सुट्टीच्या आधी ये. तुला स्टूल लागणार नाही, पण मुलांनी ते घंटेखाली आणून ठेवलंय, कारण तिला लागलं असतं. कितीही जोरात वाजव. तू येईपर्यंत आम्ही डबे उघडणार नाही.

तुझीच,
ताई