तानिगुचीसान धरतात, मी मारतो

७ सप्टें., रवि. ओसाका
सीझनची पहिली मॅच. जिंकलो. मी मारले तेवढे सगळे चेंडू गोलच्या खांबांच्या मधून गेले. मांडी सकाळपासून धरली होती, खेळताना सुटली, घरी येताना पुन्हा धरली. केतकी म्हणाली, "चाळिशी उलटली तुझी, आता कोण सांगणार तुला." बर्फाची पिशवी मात्र तिनेच आणून दिली.
पुण्याहून आईचा फोन. त्या अमेरिकन फुटबॉलमध्ये तू नक्की करतोस काय? दर सीझनला विचारते. म्हटलं, बाकीचे एकमेकांना आडवे पाडतात. मी बाहेर बसतो, बोलावलं की जाऊन एक लाथ मारतो, परत येऊन बसतो. "मग बरंय."

२४ सप्टें., बुध.
लंचला उदोन नूडल्स खाताना तानिगुचीसान म्हणाले, "जानेवारीपासून सेंदाई." पार उत्तरेला. बदली. प्रमोशन आहे, म्हणून अभिनंदन केलं. "हो," म्हणाले. मग वाडगा उचलून सूप संपवलं.
या माणसानेच मला यात ओढलं. मी तेव्हा नुकताच जपानला आलेलो, दोन वर्षांच्या काँट्रॅक्टवर. कंपनीच्या स्पोर्ट्स डेला चेंडू जाळीवरून पार रस्त्यावर मारला, कॉलेजात गोलकीपर होतो ती सवय. अकाउंट्समधले हे अनोळखी गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, शनिवारी मैदानावर या. तेव्हापासून पुढच्या खेळाडूने मागे फेकलेला चेंडू ते झेलतात, गवतावर उभा करतात, वर एक बोट ठेवतात. मी मारतो. चुकला तर म्हणतात, "माझं बोट हललं." खरं तर कधीच हललेलं नसतं.
घरी केतकीला, लेकीला सांगितलं. इरा जपानीतच म्हणाली, "मग बाबा पण खेळणं सोडणार?" मी बर्फाची पिशवी आणायला उठलो.

१२ ऑक्टो., रवि.
हरलो. सोपे होते ते मी घालवले. वारा वगैरे काही नव्हता.
कोच ओकादासान रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "पुढच्या सीझनचं काय ते सांगा, सावकाश."

१८ ऑक्टो., शनि.
पुढच्या सीझनपासून चेंडू धरायला हायाशी. आपला दुसरा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, हात चांगले आहेत. तानिगुचीसान त्याला शिकवत होते. मी बूट बांधत बसलेलो. शिलाई खांबांकडे, चेंडू किंचित माझ्याकडे कललेला, वगैरे. मग माझ्याकडे मान करून म्हणाले, "मारायच्या आधी हे श्वास सोडतात. ऐकू येतो. तो ऐकला की निश्चिंत राहा, जाणारच."
मला हे माहीत नव्हतं. लेस उगाच पुन्हा सोडून बांधली.

९ नोव्हें., रवि.
शेवटची मॅच. हरलो असतो तर खालच्या डिव्हिजनमध्ये.
एका पॉइंटने मागे, घड्याळ संपत आलेलं. चेंडू आला तो तानिगुचीसानच्या डोक्यावरून. त्यांनी उडी मारून एका हाताने खाली ओढला. मी तोवर मारायला धावत निघालो होतो. थांबलो. इतक्या वर्षांत मध्येच कधी थांबलो नव्हतो. समोरचे अंगावर येत होते. त्यांनी चेंडू टेकवला, बोट ठेवलं, आणि मी उभ्या उभ्या मारला. वेडावाकडा फिरत गेला, खांबांमधल्या आडव्या दांडीच्या जेमतेम वरून.
जिंकलो. सगळे अंगावर पडले. त्या ढिगाऱ्यात तानिगुचीसान कानाशी म्हणाले, "थांबलात."
"तुम्ही टेकवणार हे ठाऊक होतं."
केतकी स्टँडमध्ये रडत होती म्हणे. इराने सांगितलं, चक्क मराठीत.

१५ नोव्हें., शनि.
जेवायला तानिगुचीसान आणि त्यांची बायको आमच्याकडे. केतकीने मसालेभात, मठ्ठा केला. त्यांनी दोनदा घेतला. सेंदाईत थंडी फार, त्यावर बराच वेळ गेला.  निघताना दारात मी नेहमीसारखा वाकलो. ते वाकले नाहीत. खांद्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला.

२२ नोव्हें., शनि.
सीझन संपलाय, तरी हायाशीने बोलावलं. पहिले काही भलतीकडेच गेले. तो घाबरून बोट फार लवकर काढतो. म्हटलं, घाई नको, तुझ्या हाताला लागणार नाही. मग एक बरा बसला. त्यानंतर आणखी एक. गवत ओलं होतं, ऊन छान पडलेलं. मांडीची आठवणही झाली नाही.
ओकादासान कुंपणापाशी उभे होते. पुढच्या सीझनचं त्यांना सांगायचं राहिलंच आहे. 
हायाशी म्हणाला, "पुढच्या शनिवारी?"
येतो म्हटलं. त्या शनिवारपुरतं.