हवा जायला

तलवाडा,
१४ ऑक्टोबर २०२४

शाईस्ताताईंना,
ईश्वरीमॅडमचा सलाम. आपली ओळख नाही. मी इथल्या शाळेत पहिलीला शिकवते. तुमच्या चाँदबीची आरजू माझ्याच वर्गात आहे. तिच्या अब्बांकडे, मैनुद्दीनभाईंकडे, तुमचा नुसता पत्ता निघाला, म्हणून पत्र. तुम्ही बहिणी सात वर्षं बोलत नव्हता, जुलैत ती गेली तेव्हा मातीलाही तुम्ही आला नाहीत, हे ठाऊक आहे. दोष द्यायला लिहीत नाही.

आरजूची तब्येत बरी आहे. भाकरी खाते. शाळा बुडवत नाही.

वर्गात आम्ही फुलपाखरं वाढवली. लिंबाच्या झाडावरच्या अळ्या बरणीत ठेवल्या, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली. अळ्यांचे कोष झाले. अकराव्या दिवशी एक कोष फाटला आणि ओलं फुलपाखरू बाहेर आलं. पोरं नाचायला लागली. आरजू तेवढी माझ्याजवळ आली.

"मॅडम, अम्मीला बी कपड्यात गुंडाळून ठेवलंय. ती कव्हा निघंल?"

खिचडीची घंटा झाली होती. मी म्हणाले, "वेळ लागतो, बाळा."

ताई, हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. मैनुद्दीनभाईंनाही नाही.

मागच्या मंगळवारी सुट्टीत ती दिसेना. शोधत कब्रस्तानात गेले. भर दुपार, वारा पडलेला. चाँदबीच्या कबरीला कान लावून ती पालथी पडली होती. मातीत बोटभर खोल भोकं होती, ओळीनं, डोक्यापासून पायांपर्यंत. नखं रक्ताळलेली.

"हवा जायला," ती म्हणाली. "आतून खुडखुड येती, मॅडम. ऐका की."

मी तिला उचलायला हवं होतं. मी कान लावला. आणि मला ऐकू आलं. घूस असेल, मी विज्ञान शिकलेली आहे. पण मी श्वास रोखला तेव्हा ती खुडखुडही थांबली.

तिथंच तिला सांगितलं, "मी खोटं बोलले. अम्मी आता येणार नाही."

ती रडली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमीच म्हनलात, वेळ लागतो."

भोकं आम्ही दोघींनी बुजवली. तेव्हापासून ती कुणाशी बोलत नाही. दारात बसते.

तिला रक्ताचं माणूस हवंय. या. पण मैनुद्दीनभाईंनी तुमचा फोटो दाखवला आणि माझ्या अंगावर काटा आला. चाँदबीचाच चेहरा, ओठावर तोच तीळ. आरजूनं तुम्हाला कधीच पाहिलेलं नाही.

म्हणून आलात की लांबूनच, ती धावत सुटायच्या आत, मोठ्यानं सांगा की मी तुझी खाला आहे. ती नाही म्हणेल. तरी सांगा. तिनं दहादा अम्मी म्हटलं, तरी दहादा सांगा. त्या क्षणी खरं टाळणं किती सोपं असतं, ते मला विचारा.

तुमच्या भाचीशी खोटं बोललेली,
ईश्वरी