तीन जाळ राहिलेली शेगडी

प्रति,
मा. देखभाल अधिकारी,
सार्वजनिक इमारती विभाग,
पहिला मजला, जिन्याशेजारचे दालन (दारावरची पाटी पडली आहे).

विषय : माझ्या परवान्यावरील स्थगिती आजच्या आज उठवून प्रसूतिगृहातील शेगडीला तीन जाळ देऊ देणेबाबत.

संदर्भ : आपले सोमवारचे पत्र, ज्यात मला तीन वेळा ‘निष्काळजी’ म्हटले आहे.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्ज करते की, मी गेली सव्वीस वर्षे लाकडावर पेटणाऱ्या लोखंडी शेगड्या, धुराडी आणि भट्ट्यांची दारे उष्णता सोसणाऱ्या रंगाने रंगवते. आधी माझा नवरा हे काम करायचा, तो गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. एवढ्या वर्षांत माझ्या हातच्या शेगडीला कधी फोड आला नाही. आपल्या दालनातल्या शेगडीला आला. तो का आला हे आपल्याला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आपल्या शिपायालाही ठाऊक आहे. फक्त आपल्या पत्रात ते कुठे नाही, म्हणून लिहावे लागते.

१. मागच्या बुधवारी मी आपली शेगडी तारेच्या ब्रशने घासून गंज काढला, थिनरने पुसली आणि काळ्या रंगाचे दोन पातळ हात दिले. आपले मोठे लिपिक म्हणाले, अजून एक जाड हात मारा, चकाकली पाहिजे. मी म्हटले, शेगडी आहे, नवरी नव्हे. हे वाक्य माझ्याविरुद्ध नोंदवलेले असल्यास नोंद कायम ठेवावी.

२. हा रंग हवेने हाताला सुका लागतो, पण नख लावले तर ओरखडा उठतो. तो पक्का होतो जाळाने. पहिला जाळ बारीक, मूठभर ढलप्यांचा. दुसरा मध्यम. तिसरा भरपूर. दिवसाला एक, आणि मधे शेगडी पूर्ण गार होऊ द्यायची. तिन्ही वेळा खिडक्या सताड उघड्या आणि खोलीत दुसरे कोणी नाही, कारण रंग पक्का होताना धूर आणि उग्र वास येतो. तो यायचाच. आमच्या धंद्यात हे तीन जाळ रंगवणाऱ्यानेच द्यायचे असतात, दुसऱ्याच्या हाती सोपवायचे नसतात. नवऱ्याने माझ्या हातात ब्रश पहिल्या वर्षी दिला, काडेपेटी चौथ्या वर्षी.

३. गुरुवारी सकाळी मी ढलप्या घेऊन आले. ज्वलनशील वस्तूंसह प्रवेश नाही, असे सांगून मला दारात अडवले. शेगडीत घालायला दगड आणू का, असे मी विचारले. त्यावर पाससाठी अर्ज करा, असे सांगण्यात आले. अर्ज केला. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. जाताना मी ‘मी आल्याशिवाय पेटवू नये’ अशी चिठ्ठी शिपायाकडून शेगडीच्या दारावर चिकटवून घेतली.

४. शुक्रवारी आपण शेगडीला नख लावून पाहिलेत. रंग कच्चा आहे, असे म्हणालात. (होताच.) त्याचा पुरावा राहावा म्हणून लाखेवर उठवायचा कार्यालयाचा पितळी शिक्का मागवून आपण तो स्वहस्ते शेगडीच्या पुढच्या पत्र्यावर दाबलात. हे मी मनाचे सांगत नाही, आपल्याच पत्रात दुसऱ्या परिच्छेदात आहे. पत्रात नाही ते पुढचे. पुरावा झाला, मग आपल्याला थंडी वाजली. खिडक्या लावून घेऊन आपण शेगडी तोंडापर्यंत लाकडांनी भरायला लावलीत. पेटवायला कागद सापडेना, तेव्हा माझी चिठ्ठी काढून तिनेच पेटवली, असे शिपाई सांगतो. मग जे व्हायचे ते झाले. सगळे कार्यालय खोकत आवारात आले आणि आपण नाकाला रुमाल लावून जिन्यावर बसलात. शेगडीच्या दाराला फोड आले. आणि सोमवारी मला पत्र, की रंग हलका, धूर विषारी, बाई निष्काळजी, पुढच्या महिन्यातल्या चौकशीपर्यंत परवाना स्थगित, सात दिवसांत रंग खरवडून न्यावा. चोराच्या उलट्या बोंबा मी पुष्कळ ऐकल्या आहेत. जावक क्रमांकासह प्रथमच आल्या.

५. इथवर मी गप्प बसले असते. आपल्याला आपली शेगडी लखलाभ. पण शनिवारी, आपले पत्र निघण्यापूर्वी, मी प्रसूतिगृहातली शेगडीही रंगवली आहे. तिथे भिंतींना चुना चालू होता म्हणून जाळ थांबवले होते. चुन्याचे काम काल संपले. येत्या सोमवारी प्रसूतिगृह उघडते आणि सकाळी सहाला शेगडी पेटवावी असा आपलाच हुकूम तिथल्या भिंतीवर लागला आहे. म्हणजे शेगडी तोंडापर्यंत भरणार, तान्ह्या बाळांना वारा नको म्हणून खिडक्या लावणार. आपण उठून जिन्यावर गेलात. कालची बाळंतीण कुठे जाणार?

तिथल्या परिचारिकेने आपल्याला फोन करून हेच विचारले. नियमाप्रमाणे करा, एवढेच उत्तर तिला मिळाले. परवान्याशिवाय मला आत घेता येत नाही, म्हणून ती बिचारी माझ्यासमोर रडकुंडीला आली. माझ्या लेकीला नऊ महिने भरून वर आठ दिवस झाले आहेत. तिची खाट शेगडीपासून चार हातांवर लावली आहे. मला आपला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही, पण रागाहून भीती मोठी आहे. रात्री झोप लागत नाही, हेही लिहून ठेवावे.

६. राहता राहिला खरवडण्याचा हुकूम. कंत्राटाच्या नवव्या अटीनुसार ज्या वस्तूवर कार्यालयाचा शिक्का आहे, ती तपासून स्वीकारली असे समजायचे असते. आपण कच्च्या रंगात शिक्का उठवलात आणि वरून शेगडी पेटवून तो स्वतःच भाजून पक्का केलात. दाराला फोड आले, पण शिक्क्याचा एक काठही हलला नाही. अक्षरे लांबून वाचता येतात. हातच्या कंकणाला आरसा कशाला? पत्रा खरवडायचा तर पहिला घाव शिक्क्यावर पडेल. तरी कार्यालयाचा शिक्का नष्ट करण्याची लेखी परवानगी आपल्या सहीने द्यावी. ती देता येत नसेल, तर माल स्वीकारला असे मानून स्थगिती उठवावी. तिसरा मार्ग मला दिसत नाही, आपल्याला दिसत असल्यास कळवावे.

आज गुरुवार आहे. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीनच दिवस हातात आहेत, आणि जाळही तीनच आहेत. उद्या सकाळी सातला मी ढलप्या घेऊन प्रसूतिगृहाच्या दारात येईन. परवाना मिळाला तर सोबत आणीन. नाही मिळाला तर नुसती काडेपेटी आणीन, खिडक्या उघडीन आणि पहिला जाळ देईन. अडवायचे असल्यास आपण स्वतः यावे आणि हवा तर तो शिक्काही आणावा. मात्र लवकर यावे. रविवारी संध्याकाळनंतर कितीही जोर लावलात तरी तो उमटणार नाही.

नम्र राहण्याची खटपट करणारी,

(सही)
शेगडीवाली मावशी
(परवान्यावरचे नाव आपल्या फाइलीत आहे. फाइल सापडल्यास पाहावे.)

दिनांक : गुरुवार, कार्यालय उघडण्याच्या वेळी

सोबत :
१. रंगाच्या डब्यावरचा सूचनांचा कागद. तीन जाळांची ओळ अधोरेखित केली आहे.
२. पाससाठी केलेल्या अर्जाची पोच.
३. शिक्क्यावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा. हा शिपायाने आणून दिला, त्याला बोलू नये. मूळ प्रत आपल्या खुर्चीमागे आहे.