शिडी शेजारी ठेवली आहे

बाबा,

दोराची शिडी शोधू नका. ती शेजारच्या काकूंकडे ठेवली आहे, आणि तुम्ही मागितलीत तरी देऊ नका असं त्यांना बजावलंय. मी बाळाला दवाखान्यात घेऊन चालले आहे. जेवण झाकून ठेवलंय.

मोटर नुसती घरघरते, पाणी चढत नाही, म्हणजे तळाचा व्हॉल्व्ह गाळात अडकला असणार, हे तुमचं खरं. पण सकाळी तुम्ही दोराला पेटता कंदील बांधून विहिरीत सोडलात, तो अर्ध्यावरच विझला. मी खिडकीतून पाहत होते. "वारा असेल," असं तुम्ही पुटपुटलात. बाबा, विहिरीत वारा कुठला? खाली हवा कोंडली आहे. मिस्त्री दुपारी माणसं आणि पंखा घेऊन येतोय, तोवर थांबा.

परवा बाळाला जुलाब झाले तेव्हा "तुमच्या विहिरीनंच आजारी पाडलं त्याला," असं मी पाहुण्यांदेखत बोलून गेले. माझ्या जिभेला हाड नाही. पाणी मी अजूनही उकळूनच देणार, पण तसं बोलायला नको होतं. तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही आणि विहिरीपासून हलत नाही. माझ्या एका वाक्यापायी खाली उतरू नका. तुम्हाला हवं ते मला बोला, पण काठावर उभं राहून.