दोघांचं खरं

२ फेब्रुवारी
सोलापूर आवडलं. शुक्रवार पेठेत मल्लव्वांच्या घरी वरच्या दोन खोल्या मिळाल्या. सामान लागायच्या आत त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवली, आणि आबांना बजावलं की चटणी जरा बेतानं खावा, डॉक्टर शिव्या मला घालतील.

आबा म्हणजे माझे वडील, त्रिंबक, कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातले निवृत्त फिटर. दोन्ही मूत्रपिंडं निकामी आहेत. एक दिवसाआड डायलिसिस. म्हणून तर हे काम घेतलं. ज्या रुग्णालयाचे जुने सर्व्हर काढून नवे बसवायचे, तिथंच आबांना उपचाराची खुर्ची मिळाली. डायलिसिस चुकलं तर माणूस फार दिवस काढत नाही.

४ फेब्रुवारी
आबांना काम समजावलं. रुग्णांची सगळी माहिती तीन यंत्रांवर एकसारखी असते. ती सतत एकमेकांशी पडताळतात. मतभेद झाला तर दोघांचं खरं. तिसऱ्याचं पुसून दोघांचं त्यात उतरवलं जातं. रुग्णालय बंद न ठेवता एकेक जुनं यंत्र काढायचं, त्या जागी नवं लावायचं.

आबा म्हणाले, लई लोकशाही हाय की तुज्या मशिनीत. मी उसळलेच. ही लोकशाही नव्हे. लोकशाहीत एकट्या पडलेल्याचं मत पुसत नाहीत, नोंदवून ठेवतात. बहुमतानं निर्णय ठरतो, सत्य ठरत नाही. आबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, सभा संपली असंल तर माझा अर्धा कप चहा टाकतीस का.

८ फेब्रुवारी
पहिलं नवं यंत्र लागलं. माझा सहकारी गुरु दुधनीचा. हात चलाख, जीभ त्याहून. डायलिसिसच्या अक्षता सिस्टर आबांना चिडवत होत्या, पोरगी सगळी मशिनं बदलतीय, तुमी तेवढं जुनंच मॉडेल राहिलात. आबा खूश.

११ फेब्रुवारी
दुसरं नवं लागलं. आता दोन नवी, एक जुनं. पडताळणीत एकच फरक निघाला, आणि तो आबांचा. जुनं यंत्र सांगतं, उद्या डायलिसिस. दोन्ही नवी सांगतात, मृत.

हातानं दुरुस्त केलं. पुन्हा मृत. कारण सापडत नाही. गुरु हसत म्हणाला, मॅडम, दोघं म्हणताहेत म्हणजे घरी एकदा बघून या. जुन्याचं पुसलं जाऊ नये म्हणून मी त्याची तार उपसून ठेवली.

१२ फेब्रुवारी
आबांना घेऊन गेले. खुर्चीत दुसरंच कुणी. अक्षता सिस्टरनी आबांकडे पाहून विचारलं, हे आजोबा कोण. मग माझा हात धरून म्हणाल्या, वडील गेल्याचं कळलं, लई चांगला माणूस होता. आबा माझ्या शेजारीच उभे होते.

गुरुही तसाच. बाप गेल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर कोण येतं मॅडम, म्हणाला. चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

दुसऱ्या रुग्णालयात गेलो. त्यांनी कागद पाहिले, आमच्या रुग्णालयात फोन लावला, आणि कागद परत दिले. हा रुग्ण हयात नाही म्हणे. मी तिथं ओरडले, टेबलावर हात आपटले. आबा मलाच म्हणाले, चल, घरी जाऊ.

१४ फेब्रुवारी
आबांचे पाय सुजले. धाप लागते. निदान मल्लव्वा त्यांना ओळखतात. सकाळी पेज देऊन गेल्या.

दुपारी गुरुनं जुन्या यंत्राची तार परत जोडली. मी पोचेपर्यंत त्यानं दोघांचं उतरवून घेतलं होतं. तिन्हींचं आता एकमत.

घरी आले तर मल्लव्वा जिन्यात उभ्या. वर कोण गडी हाय, म्हणाल्या, खोली तर मी एकट्या बाईला दिली होती.

१५ फेब्रुवारी
सकाळी आबांचं नाव आठवायला वेळ लागला. त्रिंबक. त्रिंबक. सगळे एका बाजूला आणि मी — एकटी पडले म्हणून खोटी ठरत नाही. हे माझे वडील आहेत. जिवंत आहेत. मी एकटी असले तरी —

१६ फेब्रुवारी
डोक्यात काहीतरी उतरतंय. कुर्डुवाडीचं घर दिसतं, अंगण, सायकल — सायकलवर कोण — मला पुढं बसवून कोण —

ते हाक मारताहेत. कोणाला —

१७ फेब्रुवारी
छान झोप झाली. शेवटचं जुनं यंत्र काढून नवं लावलं, काम पुरं झालं, गुरुनं पेढे वाटले. वहीतली मागची पानं वाचवेनात. तापात लिहिली असावीत.

दुपारी घरी आले तर खोलीत एक अनोळखी म्हातारा. अंग सुजलेलं, श्वास पुरत नाही. मल्लव्वा ओळखत नाहीत, पोचवायला आलेला गुरु ओळखत नाही. मीही नाही म्हणाले. त्याला खाली ओट्यावर बसवलं, गुरु पोलिसांना बोलावतोय.

संताप येतो. इतक्या आजारी माणसाला असं टाकून देणारी माणसं कोण? शिकलेलीच असणार, चारचौघांत न्यायाच्या गप्पा मारणारी. त्यांना भर चौकात उभं करून जाब विचारला पाहिजे. मूलबाळ आहे का, विचारलं. एक मुलगी आहे म्हणाला, आणि माझ्याकडे नुसता बघत राहिला.

खालून धापेचा आवाज येत होता, तो थांबला. मल्लव्वा बोलावताहेत. जाऊन येते. त्या मुलीचं नाव तरी —